शरपंजर : बरी झालेली बाई आणि तिचे घर

बाणांच्या शय्येवर पडलेल्या भीष्मांमुळे 'शरपंजरी' हा शब्द मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो. कन्नडमध्ये हाच शब्द एका कादंबरीचे आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाचे नाव आहे. त्रिवेणी यांची कादंबरी 'शरपंजर' आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुट्टण्णा कणगाल यांनी पडद्यावर आणलेला त्याच नावाचा चित्रपट. सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. बंगळूरच्या इंदिरानगरात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहिणीने शेजारच्या वयस्क कन्नड बाईंना जुना चांगला चित्रपट विचारला, तर हे नाव पुढे येण्याची शक्यता फार मोठी आहे.

मनोवैज्ञानिक थरारपट म्हटला की प्रेक्षकाला खून, बंद खोली आणि शेवटच्या रिळात उलगडणारे रहस्य अपेक्षित असते. 'शरपंजर'मध्ये यातले काहीही नाही. तरी उत्तरार्धात प्रेक्षक श्वास रोखून बसतो. मनाच्या आजारातून बरी होऊन घरी आलेली ही बाई पुन्हा कोसळणार की सावरणार, एवढ्या एकाच प्रश्नावर सारा ताण उभा आहे.

कथा

कावेरी (कल्पना) आणि सतीश (गंगाधर) यांचा सुखाचा संसार आहे. लग्नापूर्वी एका पुरुषाच्या जाळ्यात सापडल्याचा प्रसंग कावेरीने मनात खोल गाडून टाकला आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे मानसिक संतुलन बिघडते आणि तो जुना प्रसंग उफाळून वर येतो. रुग्णालयात उपचार होतात, ती बरी होते आणि मोठ्या आशेने घरी परतते. पण घर तिला बरी मानायला तयार नाही. तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर असते. ती हसली तरी शंका, रागावली तरी शंका. बाहेरच्या बायका अंतर राखून बोलतात. ज्याच्या आधारावर तिने उभे राहायचे, तो नवराच मनाने दूर गेलेला आहे, दुसऱ्या स्त्रीत गुंतलेला आहे. हे कळते तेव्हा तिचा धीर सुटतो.

लेखिका आणि दिग्दर्शक

त्रिवेणी हे टोपणनाव. मूळ नाव अनसूया शंकर. १९२८ साली जन्मलेल्या या लेखिकेने मानसशास्त्र घेऊन पदवी मिळवली होती आणि बाईच्या मनातली घुसमट हाच त्यांच्या कादंबऱ्यांचा विषय राहिला. १९६३ साली, वयाची पस्तिशीही पुरी झालेली नसताना, मुलीच्या जन्मानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. बाळंतपणानंतरच्या यातनांवर लिहिणाऱ्या लेखिकेचा मृत्यूही बाळंतपणानंतरच व्हावा, हा योग मन विषण्ण करतो. त्यांच्याच 'बेळ्ळिमोड' कादंबरीवर पुट्टण्णा कणगाल यांनी १९६७ साली आपला पहिला कन्नड चित्रपट केला, तोही पाहायला त्या राहिल्या नाहीत.

कणगाल यांनी आपले बरेचसे महत्त्वाचे चित्रपट कादंबऱ्यांवरून केले. १९६९चा 'गेज्जे पूजे' हा एम. के. इंदिरा यांच्या कथेवरचा, १९७२चा 'नागरहावु' हा त. रा. सुब्बराव यांच्या कादंबऱ्यांवरचा. लोकप्रिय साहित्य घ्यायचे, त्यातली बाई मध्यभागी ठेवायची आणि गाण्यांसकट सामान्य प्रेक्षकाला रुचेल असा चित्रपट करायचा, ही त्यांची रीत होती. 'शरपंजर'चे गुण आणि दोष दोन्ही या रीतीतूनच आले आहेत.

जमेच्या बाजू

पहिली जमेची बाजू कल्पना यांचा अभिनय. पूर्वार्धातली खेळकर कावेरी आणि रुग्णालयातून परतलेली, प्रत्येक शब्द तोलून बोलणारी कावेरी या दोन वेगळ्या स्त्रिया वाटतात. बरी झालेली व्यक्ती आपण बऱ्या आहोत हे दाखवण्यासाठी किती धडपडते, हे त्यांनी फार बारकाईने टिपले आहे. कन्नड प्रेक्षक आजही त्यांचे नाव या भूमिकेशी जोडतो.

दुसरी बाजू म्हणजे विषयाची मांडणी. त्या काळच्या भारतीय चित्रपटांत वेड लागलेली बाई एकतर भीतीसाठी असे, नाहीतर हसण्यासाठी. इथे आजार हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि उपचारांनी गुणही येतो. खरा घात होतो तो नंतर, उंबरठ्याच्या आत.

इथे मराठीतला एक चित्रपट आठवल्याशिवाय राहत नाही. राजा परांजपे यांचा १९६४चा 'पाठलाग' जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर बेतलेला होता. पुढे १९६६ साली त्यावरूनच 'मेरा साया' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात वकिलाच्या मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी आरोपी न्यायालयात उभी राहते आणि आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. तिथे बाईला 'मी मीच आहे' हे सिद्ध करायचे आहे, इथे कावेरीला 'मी बरी आहे' हे. 'पाठलाग'मध्ये न्यायालय आहे, साक्षी-पुरावे आहेत, त्यामुळे कधीतरी निकाल लागतो. कावेरीपुढे न्यायाधीशच नाही. स्वयंपाकघर, शेजार आणि नवऱ्याचा चेहरा यांतून रोज नवा निकाल तिच्या वाट्याला येतो.

तिसरी बाजू संगीताची. विजय भास्कर यांच्या चालींत द. रा. बेंद्रे यांची एक कविताही गीत म्हणून आली आहे. बेंद्रे धारवाडचे. त्यांची घरची भाषा मराठी आणि कीर्ती कन्नड कवितेची. मराठी श्रोत्याला हा धागा सुखावणारा आहे.

उणिवा

कादंबरीत मनातला विचार मनातच ठेवता येतो. वाचकाला तो ऐकू येतो, शेजारच्या पात्राला येत नाही. चित्रपटाला तो चेहऱ्यावर किंवा संवादात आणावा लागतो. कणगाल यांनी बऱ्याच ठिकाणी मोठ्या आवाजाचा मार्ग धरला आहे. पार्श्वसंगीत आदळते, कॅमेरा चेहऱ्यावर धावून जातो, संवाद लांबतात. जिथे कल्पना नुसत्या डोळ्यांनी सांगू शकल्या असत्या, तिथेही त्यांना किंचाळायला लावले आहे. आजच्या प्रेक्षकाला हे जड जाईल. पूर्वार्धातली गाणीही कथेला थोपवून धरतात.

दुसरी उणीव नवऱ्याच्या पात्रात आहे. सतीशचा दुबळेपणा दिसतो, पण त्याच्या मनात काय घडले हे फारसे कळत नाही. आजारी माणसाची काळजी घेताना येणारा थकवा, लोकांची भीती, पत्नीच्या भूतकाळाने दुखावलेला अहंकार, हे सारे त्याच्या बाजूने उलगडले असते तर तो खलनायक न वाटता घराघरांत भेटणारा माणूस वाटला असता, आणि चित्रपट अधिक बोचला असता.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची. आजाराचे मूळ जुन्या प्रसंगाच्या अपराधभावनेत आहे, असा प्रेक्षकाचा ग्रह होतो. बाळंतपणानंतरचे तीव्र मानसिक आजारपण असे एका कारणाने येत नाही. प्रसूतीनंतर शरीरातल्या संप्रेरकांत होणारा मोठा बदल, झोपेचे खोबरे, पूर्वी झालेला किंवा घराण्यात असलेला मानसिक आजार यांचा त्यात वाटा असतो. दर हजार बाळंतपणांत एक-दोन स्त्रियांना तो होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच लक्षणे दिसू लागतात. कावेरीच्या शोकांतिकेतून कुणी 'हे दुखणे बरे होतच नाही' असा अर्थ काढला तर तो चुकीचा ठरेल. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. मात्र पुढच्या बाळंतपणात ते उलटण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे लागते.

आजच्या घरात

इंदिरानगरातल्या फ्लॅटमधून नजर टाकली तर हा चित्रपट जुना वाटत नाही. नोकरीसाठी पुण्याहून, नागपूरहून, बेळगावहून आलेली जोडपी इथे राहतात. बाळंतपणाला आई किंवा सासू येते, सव्वा महिना, फार तर तीन महिने राहते आणि परत जाते. मग बाळ, नवी आई आणि चार भिंती उरतात. झोप पूर्ण उडाली, असंबद्ध बोलणे सुरू झाले, बाळाविषयी विचित्र संशय किंवा भीती वाटू लागली, तर 'बाळंतवात आहे', 'बाहेरचे काहीतरी झाले' म्हणत वाट पाहणे घातक ठरते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवे. बंगळूरच्याच निम्हान्स संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे, तिथे उपचारांसाठी त्यांची ताटातूट करावी लागत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवण्यासारखा आहे.

औषधोपचाराची ही सोय कावेरीच्या काळापेक्षा खूपच वाढली आहे. पण रुग्णालयातून परतलेल्या बाईच्या हातात बाळ देताना सासूचा हात क्षणभर थबकतो का, तिचा राग हा साधा राग मानला जातो का, हे प्रश्न अजून घरच्यांनीच सोडवायचे आहेत. चित्रपटाच्या शेवटी कावेरी जिथे पोहोचते, तिथे तिला आजाराइतकेच या प्रश्नांच्या उत्तरांनी पोहोचवले आहे.

थोडक्यात : भडक मांडणी आणि लांबण सोसायची तयारी असेल तर 'शरपंजर' अवश्य पाहावा. कन्नड येत नसेल तरी कल्पना यांच्या चेहऱ्यावरून उत्तरार्ध पुरेसा समजतो. घरात नुकतेच बाळंतपण झालेले असेल तर तो बाळंतिणीने आत्ता पाहू नये, घरातल्या बाकीच्यांनी मात्र जरूर पाहावा, नवऱ्याने आधी.