प्लॅटिनमचं कौतुक पुरे

मेहकरच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. पाण्याचं विघटन दाखवायला आमच्याकडे प्लॅटिनमच्या पट्ट्या कुठून येणार? स्टीलचे दोन चमचे, धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि नऊ व्होल्टची बॅटरी. ऋण टोकाच्या चमच्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे दाटतात. ते परीक्षानळीत धरून काडी लावली, की ‘फट्!’ मागच्या बाकावरची पोरंही जागी होतात.

म्हणून असाच, पण हरित विजेवर पाण्यातून काढलेला हरित हायड्रोजन प्लॅटिनमपायी महाग, असं कुणी म्हटलं की हसू येतं. प्लॅटिनम आणि त्याहून दुर्मीळ इरिडियम लागतं ते पाण्याचं विघटन करणाऱ्या आम्लधर्मी पडद्याच्या यंत्राला. अल्कधर्मी यंत्राचं निकेलवर भागतं; नांगलच्या खत कारखान्यात १९६०च्या दशकातच अशी यंत्रं चालली. खरा खर्च विजेचा, हायड्रोजनच्या किलोमागे पन्नासेक युनिट. केंद्राने २०२३मध्ये हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी मंजूर केले. त्यातला संशोधनाचा पैसा वीज वाचवतील अशा निकेल, लोखंड, मॉलिब्डेनमच्या इलेक्ट्रोडवर लागावा.

पोरं विचारतात, जवळच्या लोणार सरोवराचं पाणी आयतंच अल्कधर्मी आहे, तेच वापरलं तर? नको. त्यातलं क्लोराइड इलेक्ट्रोड खातं, शिवाय ते सरोवर रामसर यादीतली संरक्षित पाणथळ जागा आहे. यंत्राला शुद्धच पाणी हवं, किलोमागे किमान नऊ लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या जिल्ह्यात प्रकल्प आणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.