सूचना कळली तरच ती सूचना

समजा, नागपुरात इतवारीतील एखाद्या पतसंस्थेचे दिवसाचे काम आटोपले आहे. घरी निघण्यापूर्वी लेखनिक हिशेबाच्या नोंदींची राखीव प्रत काढण्याची आज्ञा संगणकाला देतो. काळ्या पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटतो : जुनी प्रत पुसली जाईल, पुढे जायचे काय? अर्थ न लावताच सवयीने होकाराची कळ दाबली जाते. यंत्राने सावध केले खरे. पण ज्याला सावध करायचे, त्याच्या भाषेत नव्हे.

एकामागून एक आज्ञा पार पाडणाऱ्या अशा छोट्या संहितेला शेल स्क्रिप्ट म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांची नित्याची देखभाल अशा स्क्रिप्टच करीत असतात. त्यांनी मराठीत बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. १९९५ पासून विकसित होत आलेले ‘ग्नू गेटटेक्स्ट’ हे विनामूल्य साधन नेमके त्यासाठीच आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने पडद्यावर दिसणाऱ्या वाक्यांवर खूण करायची. ती वाक्ये वेगळ्या फाईलमध्ये गोळा होतात आणि अनुवादक प्रत्येकाखाली मराठी वाक्य लिहितो. संगणकाची भाषा मराठी निवडली असेल, तर मराठी वाक्य दिसते. अनुवाद नसेल तेथे मूळ इंग्रजी राहते.

मग अडते कोठे? प्रथम, लिहिणाऱ्याच्या सवयीत. इंग्रजीत क्रियापद आधी येते, मराठीत शेवटी. ‘उघडता आली नाही’ एवढा तुकडा छापून फाईलचे नाव मागाहून चिकटविले, तर मराठी वाक्य उलटेपालटे होते. नावाची जागा राखून संपूर्ण वाक्यच अनुवादकाच्या हाती दिले पाहिजे. वचनाचेही तसेच. इंग्रजीत नामाला एक अक्षर जोडून भागते. मराठीत ‘एक नोंद पुसली’ आणि ‘पाच नोंदी पुसल्या’ असे नाम व क्रियापद दोन्ही बदलतात. गेटटेक्स्टमध्ये याचीही सोय आहे. ती वापरण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

दुसरी अडचण शब्दांची. हे काम महाराष्ट्राला नवे नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात याच नागपुरात डॉ. रघुवीर यांनी शासनासाठी हजारो पारिभाषिक शब्द घडविले. त्यांतील काही बोजड ठरले, त्यांची थट्टाही झाली. पण शब्द घडविल्याखेरीज त्यांतले कोणते रुळतील हे कळत नाही. संगणकाच्या क्षेत्रात २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ प्रकल्पाने नित्य वापरातील संज्ञांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रमाणीकरण हाती घेतले. फेडोरा, गनोम यांचे मराठी अनुवादही स्वयंसेवक आणि व्यावसायिकांच्या श्रमांतून उभे राहिले. ‘फाईल’ रुळली असेल तर ती राहू द्यावी. इशारा मात्र मराठीत हवा.

आक्षेपही आहेत. लिनक्सच्या साध्या अक्षरपडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही, खिडकीतल्या टर्मिनलमध्येही जोडाक्षरे कधी विस्कटतात. म्हणून अनुवाद प्रत्यक्ष यंत्रावर तपासूनच वापरात आणावा. तंत्रज्ञाला दोष शोधताना इंग्रजी संदेशच सोयीचा पडतो, हेही खरे. पण येथे एकाची सोय म्हणजे दुसऱ्याची गैरसोय नव्हे. तीच स्क्रिप्ट तंत्रज्ञाला इंग्रजीत आणि लेखनिकाला मराठीत उत्तर देऊ शकते.

सहकारी संस्था, शाळा, रुग्णालये आज्ञावली करून घेतात, तेव्हा संदेश मराठीत असावेत ही अट करारात घालणे त्यांच्याच हाती आहे. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एकेका स्क्रिप्टचे दहा-वीस संदेश जरी मराठीत आणले, तरी प्रारंभ होईल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद योग्यच आहे. परंतु भाषेची प्रतिष्ठा जशी ग्रंथालयात जपली जाते, तशीच ती दिवसअखेरीस ‘पुढे जायचे काय?’ या प्रश्नातही जपली जाते. तो प्रश्न ज्याला कळेल, तोच विचार करून उत्तर देईल.