तांब्याचे डोंगर आणि तांब्याचे आकाश

अनुवादाच्या आठव्या अध्यायात वचनदत्त देशाच्या डोंगरांतून तांबे खणून काढता येईल असे म्हटले आहे, आणि त्याच ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, आज्ञाभंगाच्या शापांची गणना चालू असता, डोक्यावरचे आकाश तांब्याचे होईल असे सांगितले आहे. पहिले तांबे अक्षरशः घ्यावे आणि दुसरे लक्षणेने, हे श्रोत्याला न शिकवता कळते. परंतु ते कशावरून कळते, याचा विचार आमच्या पाळक व उपदेशक वाचकांपैकी थोड्यांनीच केला असेल.

पहिल्या वचनाच्या शेजारी गहू, जव, द्राक्षवेली, अंजीर, डाळिंबे, जैतून आणि मध यांची नोंद आहे. जमाबंदीच्या दप्तरात शोभावी अशा या यादीतून एकटे तांबे उचलून त्याला दैवी न्यायाचे चिन्ह ठरवणे, हा लेखकाच्या हेतूवर उघड जुलूम होय. दुसऱ्या वचनाच्या लगत पावसाऐवजी धूळ पडेल असे आहे, म्हणजे अनावृष्टीचा अर्थ ग्रंथानेच उलगडून ठेवला आहे. शिवाय लेवीयाच्या सव्विसाव्या अध्यायात हाच शाप येतो तेव्हा आकाश लोखंडासारखे आणि भूमी तांब्यासारखी होते, आणि धातूंची अशी अदलाबदल होऊनही शापाचा आशय तिळमात्र ढळत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने लक्षणेसाठी घातलेल्या अटी येथे उपयोगी पडतात: मुख्यार्थाला बाध यावा, नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध असावा, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एकाचा आधार असावा. ऑगस्टीनने आपल्या ख्रिस्ती शिकवणीवरील ग्रंथात वेगळी कसोटी दिली आहे. जे वचन अक्षरशः घेता सदाचाराशी वा श्रद्धेच्या सत्याशी जुळत नाही, ते आलंकारिक मानावे. ऑगस्टीनचा अधिकार मान्य करूनही आम्हांला मम्मटाची कसोटी अधिक कडक आणि म्हणून अधिक सुरक्षित वाटते, कारण ऑगस्टीनच्या कसोटीत वाचकाचे स्वतःचे पूर्वग्रह सदाचाराच्या वेषात बिनदिक्कत आत शिरू शकतात.

ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाची आमच्या व्यासपीठांवर जी आबाळ होते, ती मलाजखंडसारख्या गावी विशेष खटकावी. बालाघाट जिल्ह्यातील या गावी हिंदुस्तान कॉपरची खाण १९८२ पासून चालू आहे. शंभर भाग खडकात तांबे असते ते सुमारे एक भाग, आणि तेवढ्यासाठी डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवला गेला आहे. ज्ञान कोठे सापडेल हा प्रश्न या अध्यायात बाराव्या ओवीत येतो. उपदेशक तेथे पोचण्याच्या घाईत पहिल्या अकरा ओव्यांना प्रस्तावनेची चार वाक्ये देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खाणीचा अंधार हा पापाचा अंधार असे परस्पर जाहीर करतो. वास्तविक दगड वितळवून तांबे काढणे, अंधारात दिवा नेणे, निर्मनुष्य जागी दोरांना लोंबकळणे, ससाण्याच्या डोळ्यालाही न दिसलेली वाट खोदणे, पाझरणारे पाणी अडवणे, हे सारे खाणकामाचे नेमके वर्णन आहे. मुख्यार्थाला येथे कसलाच बाध नाही. एवढे कौशल्य असलेल्या माणसालाही ज्ञानाचा साठा खणून काढता येत नाही, या प्रश्नाचे सारे वजन त्या वर्णनाच्या खरेपणावर उभे आहे, आणि ज्या मंडळीत खाणीच्या पाळीवरून परतलेले कामगार बसले आहेत तिला हे खरेपण पटवून देण्याचीही गरज नाही.

गणनेतील तांब्याच्या सर्पाचा प्रकार याहून निराळा. कथेत मुख्यार्थबाध नाही, आणि स्थळही अप्रस्तुत नाही: सर्पाच्या कथेनंतर लोक ओबोथला तळ देतात, आणि गणनेच्या तेहतिसाव्या अध्यायात ओबोथच्या अगोदरचा मुक्काम पूनोन येथे आहे, ते बहुधा आजच्या जॉर्डनमधील फैनान, म्हणजे प्राचीन तांब्याच्या खाणींचे क्षेत्र. तिम्ना या तशाच तांब्याच्या खाणींच्या स्थळी १९६९ मध्ये उत्खनन करणारे बेनो रोथेनबर्ग यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या मस्तकाचा एक छोटा ताम्रसर्प मिळाला. त्याने मोशेचा सर्प सिद्ध होत नाही, पण खाणींच्या त्या प्रदेशात अशी वस्तू घडवली व पुजली जात होती एवढे दिसते. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या उंच केले जाण्याशी या सर्पाची जी तुलना आहे, ती घडलेल्या गोष्टीला पूर्वछाया मानते, तिचे घडणे पुसून टाकत नाही. ही तुलना उंच केले जाणे आणि त्यातून मिळणारे जीवन एवढ्यापुरतीच आहे; काठी कोणत्या लाकडाची, धातू तांबेच का, सर्पाचे वेटोळे किती, यांवर रूपकांचे मजले चढवण्याची सनद योहानाने कोणालाही दिलेली नाही. तोच सर्प पुढे हिज्कीया राजाने फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. योहानावर प्रवचन करताना २ राजे यांतील ही हकीकतही मंडळीला वाचून दाखवावी.