आईला 'तुम्ही' म्हणणारी मुलगी

काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका सभागृहात मराठी कादंबरीवरचे चर्चासत्र ऐकायला गेले होते. दिवसभरात वाचल्या गेलेल्या निबंधांपैकी पाचांत गार्सिया मार्केस आला. 'जादुई वास्तववाद' हा शब्द तर इतक्या वेळा आला की चहाच्या वेळेपर्यंत त्यातली जादूही संपली आणि वास्तवही. प्रश्नोत्तरांत मी एवढेच विचारले, की या पाच वक्त्यांपैकी कोणी मार्केस स्पॅनिशमध्ये वाचला आहे काय. थोडे हसू पसरले. अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, "उत्तम अनुवाद उपलब्ध असताना मूळ भाषेचा आग्रह ही चैन आहे." टाळ्या पडल्या. ही चैन आहे की नाही, याविषयी मला लिहायचे आहे. कारण त्या टाळ्यांत मराठीच्या विद्यार्थ्यांचे हातही होते.

आधी माझी बाजू उघड करते. मी ठाकूरद्वारच्या एका चाळीत वाढले, मराठी घेऊन एम. ए. झाले, संध्याकाळच्या वर्गांना बसून स्पॅनिश शिकले आणि साठवलेले व उसने घेतलेले पैसे खर्चून एक वर्ष स्पेनमध्ये, ग्रानादा शहरात, विद्यार्थिनी म्हणून राहून आले. आमच्या चाळीत परदेशी शिक्षण म्हणजे अमेरिका आणि एम. एस. मराठीची मुलगी स्पेनला जाते हे कुणाला पटेना. आईने विचारले, "तिथे मराठी शिकवतात का गं?" मी नाही म्हटले. "मग तू तिथे जाऊन मराठीचं काय करणार?" परतल्यावर एका महाविद्यालयातील मुलाखतीत हाच प्रश्न मला पुन्हा विचारण्यात आला, फक्त त्यात आईची माया नव्हती. "मॅडम, ह्याचा मराठीला उपयोग काय?" ती नोकरी मला मिळाली नाही. त्याचे दुःख आता उरलेले नाही. प्रश्न मात्र उरला आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ आहे.

फेदेरिको गार्सिया लोर्काचे 'बेर्नार्दा आल्बाचे घर' हे नाटक घेऊ. 1936 साली, म्हणजे ज्या वर्षी त्याला ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या गेल्या त्याच वर्षी, ते लिहून झाले. गोविंद निहलानी यांच्या 'रुक्मावती की हवेली'मुळे (1991) ते आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. विधवा बेर्नार्दा पाच मुलींना घरात कोंडते. सर्वांत धाकटी आदेला बंड करते. जुनी मोलकरीण पोन्सिया हे सारे पाहते. हे नाटक इंग्रजीतून मराठीत आणायला बसलेल्या अनुवादकासमोर पहिल्या पानापासून 'यू' उभा राहतो. मराठीला तो तसा चालत नाही. मराठीला तू हवे किंवा तुम्ही हवे, क्रियापदासकट. अनुवादक मग आपल्या कानाचा सल्ला घेतो. आपल्या कानात मुलगी आईला 'तू' म्हणते आणि मोलकरीण मालकिणीला 'तुम्ही' म्हणते. तो तसे लिहितो. ते वाचायला सहज वाटते, आणि नेमके उलटे असते.

मूळ स्पॅनिशमध्ये पोन्सिया बेर्नार्दाला एकेरीत बोलते. तिथल्या एकेरी सर्वनामाचा उच्चारही 'तू' असाच आहे. दोघी एकाच वयाच्या, तीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या; एकमेकींची सगळी गुपिते ठाऊक असलेल्या. त्या 'तू'मध्ये जवळीक आहे आणि सूडही आहे. पोटची मुलगी मात्र आईला 'उस्तेद' म्हणते, म्हणजे 'आपण', 'तुम्ही'. शेवटच्या अंकात आदेला आईच्या हातातली काठी हिसकावून तिचे दोन तुकडे करते आणि एक पाऊलही पुढे टाकू नका असे तिला बजावते. तेव्हाही तिच्या तोंडी 'उस्तेद'च आहे. काठी मोडली, सर्वनाम मोडले नाही. हे बंड किती खोल आहे आणि कुठवर पोचू शकणार नाही, हे लोर्काने त्या एका शब्दात सांगून ठेवले आहे. इंग्रजीत त्याचा मागमूस नाही. त्यात इंग्रजी अनुवादकाचा दोष नाही. त्याच्या भाषेत ती सोयच उरलेली नाही. आपल्या भाषेत ती आहे. ज्या भाषेला ही गोष्ट जशीच्या तशी घेता आली असती, तिने ती घेऊ न शकणाऱ्या भाषेकडून उसनी आणावी, याला काय म्हणावे?

कुणी म्हणेल, हे व्याकरणाच्या पुस्तकात कळते, त्यासाठी स्पेनला कशाला जायला हवे? पुस्तकात नियम कळतो. ग्रानादात माझ्या घरमालकीणबाईंना मी पहिल्या दिवशी नियमाप्रमाणे 'उस्तेद' म्हटले, तर त्या दुखावल्या. मी काय इतकी म्हातारी दिसते का, म्हणाल्या. पुढे एकदा त्यांच्या आईचा विषय निघाला. आई खेड्यात वाढलेली, आणि ती आपल्या आईवडिलांना जन्मभर 'उस्तेद'च म्हणत आली. यांनी स्वतः तसे कधी म्हटले नव्हते. म्हणजे एका पिढीत तो शब्द घरातून बाहेर गेला होता. तेव्हा मला आदेलाचे वाक्य ऐकू आले, आणि त्याबरोबर आमच्या चाळीतल्या सुनाही ऐकू आल्या. मराठीत हा स्वर मुलीने आईशी बोलण्याचा नाही. तो सुनेने सासूशी बोलण्याचा आहे. बेर्नार्दाच्या घरातल्या मुली आपल्याच घरात सुनांसारख्या राहतात. हा अर्थ मला कोणत्याही प्रस्तावनेत मिळाला नव्हता. तो स्पॅनिशच्या आणि मराठीच्या मध्ये उभे राहिल्यावरच दिसतो, आणि तिथे उभे राहण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्याशिवाय दुसरे कोण करणार?

दुसरे उदाहरण चंद्राचे. स्पॅनिशमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी, इंग्रजीत लिंगाचा प्रश्नच नाही. लोर्काच्या 1928 सालच्या जिप्सी कवितांत चंद्र बाई होऊन येतो. पण 'रक्तलग्न' नाटकात (1933) तोच चंद्र तरुण लाकूडतोड्या म्हणून रंगमंचावर येतो. स्पॅनिश प्रेक्षकाला तिथे धक्का बसतो, कारण कवीने स्वतःच्या भाषेच्या व्याकरणाविरुद्ध पाऊल टाकले आहे. मराठीत पुरुष चंद्र आला तर कुणाची पापणीही हलत नाही. हा धक्का मराठीत कसा आणायचा, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्याला तो पडतच नाही.

आता त्या 'जादुई वास्तववादा'कडे वळू. ही संज्ञा मुळात लॅटिन अमेरिकेची नाही. 1925 साली फ्रान्झ रोह या जर्मन कलासमीक्षकाने ती चित्रकलेसंदर्भात वापरली आणि दोन वर्षांनी ती स्पॅनिशमध्ये गेली. क्यूबन कादंबरीकार आलेहो कार्पेन्तिएर याने 1949 साली आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत तिच्यापासून वेगळे होत 'अद्भुत वास्तव' असा शब्द मांडला. त्याचे म्हणणे असे, की आमच्या भूमीत अद्भुत हे लेखकाच्या हातचलाखीतून येत नाही, ते इतिहासातच आहे. या दोन भूमिकांमध्ये भांडण आहे. आपल्या निबंधांत ते भांडण नसते; असते ते एक लेबल, जे कोकणातल्या भुताच्या गोष्टीपासून विदर्भातल्या दुष्काळापर्यंत कशावरही चिकटवता येते. वाद वगळून वादाचे नाव तेवढे आयात करायचे, ही आपली जुनी खोड आहे.

आणि हे सगळे परके, दूरचे, आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असेही नाही. गिरगावातून पायी पंधरा मिनिटांवर धोबीतलाव आहे. बार्सिलोनाचे जेझुइट इतिहासकार हेन्री हेरास 1922 साली मुंबईत आले, सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवू लागले, 1926 साली त्यांनी तिथे भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था उभारली आणि 1955 साली ते वारले तेही याच शहरात. ऑक्ताव्हियो पाझ 1951 साली मुंबईच्या धक्क्यावर उतरले. पुढे ते मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत राहिले आणि 1995 साली त्यांनी भारतावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. तिकडून येणारे आले, राहिले, शिकले.

इकडून जाणारेही होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून, इराणातून, रशियातून भटकत 1924 साली मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या जातींवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि 1937 साली 'जॉन स्मिथ' या नावाने स्पेनच्या यादवी युद्धात उतरले. पकडले गेले, 1938 साली सुटून परतले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले सतीश गुजराल 1952 साली शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले. लहानपणीच ऐकू येणे गेलेला हा तरुण परक्या भाषेच्या देशात भित्तिचित्रे शिकून आला. शेतीशास्त्रज्ञ गेला, सैनिक गेला, चित्रकार गेला. ज्यांचा धंदाच भाषा आहे, त्यांनी मात्र घरी बसून इंग्रजी आवृत्ती मागवली.

खानखोज्यांचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. आपण त्यांना क्रांतिकारक म्हणून हार घालतो आणि पुढे जातो. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याला मका कसा पेरावा हे सांगायचे तर त्याच्या भाषेत सांगावे लागते, हे त्यांना कुणी चर्चासत्रात शिकवले नव्हते. त्यांनी स्पॅनिशमध्ये शिकवले, स्पॅनिशमध्ये लिहिले. भाषा शिकणे त्यांच्यासाठी चैन नव्हती. कामाचे अवजार होते.

माझ्या म्हणण्याला दोन बाजूंनी विरोध होतो. एक बाजू जागतिकवाद्यांची. त्यांना मार्केस, बोर्हेस, नेरुदा हवे असतात, पण लंडन-न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी निवडून दिलेले. त्यांच्या यादीत कोण येणार हे इंग्रजी बाजार ठरवतो, आणि या यादीला ते 'जागतिक साहित्य' म्हणतात. दुसरी बाजू देशीवाद्यांची. त्यांचे म्हणणे, आपलीच विहीर उपसून झालेली नाही, परक्याच्या विहिरीवर कशाला जायचे? या प्रश्नाबद्दल मला आदर आहे. पण मी विचारते, इंग्रजीचे ओझे उतरवायचे तर दुसरी भाषा थेट शिकण्याइतका देशी उपाय दुसरा कोणता? खोताच्या वाडीशेजारी वाढलेल्या मला स्पेनमध्ये 'पगार' हा शब्द भेटला. तिथे त्याचा अर्थ पैसे देणे. आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला तेव्हा तो पैसे मिळण्याचा झाला. ही देवघेव आपल्या जिभेवर चारशे वर्षे आहे. ती ओळखणे यात परकेपणा कसला?

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो पैशांचा आहे. वर्षभर स्पेनला राहणे चाळीतल्या मुलीला परवडत नाही. माझे कर्ज फेडायला चार वर्षे लागली, आणि त्या काळात आईने दोनदा बांगड्या गहाण ठेवल्या. म्हणूनच हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याच्या हौसेवर सोडता येत नाही. तसे केले तर स्पॅनिश ही श्रीमंतांच्या मुलांची आणि कॉल सेंटरांची भाषा होऊन राहील, आणि 'ही चैन आहे' हे अध्यक्षांचे वाक्य आपणच खरे करू.

माझी मागणी मोठी नाही. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात इंग्रजीखेरीज एका परदेशी भाषेला जागा असावी. थेट मूळ भाषेतून केलेला सटीप अनुवाद हा प्रबंध म्हणून मान्य व्हावा. आज त्याला 'सर्जनशील काम' म्हणून बाजूला बसवतात. आणि साहित्य संस्थांनी संमेलनांच्या मांडवांवर होणाऱ्या खर्चातून दरवर्षी एका, फक्त एका, विद्यार्थ्याला माद्रिद, मेक्सिको किंवा बुएनोस आइरेसला पाठवावे. परत येताना त्याने एक पुस्तक मराठीत घेऊन यावे. दहा वर्षांत दहा पुस्तके होतील. त्यांतली चार फसतील. उरलेल्या सहांत मुलगी आईला काय म्हणते हे तरी नीट ऐकू येईल.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला उशिरा दिले. आदेलाचा प्रवेश मराठीत करून तिला वाचून दाखवला. काठी मोडताना मुलगी 'तुम्ही' म्हणते हे ऐकून ती क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "हो, आम्हीसुद्धा सासूबाईंशी असंच भांडायचो." मुलाखतीतल्या त्या सद्गृहस्थांना मी हेच सांगायला हवे होते.