कोणते शीड श्रेष्ठ?

पिंपळगावच्या विद्यार्थ्याने होड्यांच्या शिडांवर मत द्यावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. आमच्या नाकात वास कांद्याचा. जवळची कादवा उन्हाळ्यात चालत ओलांडावी अशी. तरीही लिहितो, कारण वर्गाच्या सहलीत झालेला एक वाद मनातून जात नाही.

राजपुरीहून जंजिऱ्याला आम्ही शिडाच्या होडीतून गेलो. पुढे कललेली आखूड डोलकाठी, तिला तिरकी बांधलेली लांबलचक काठी आणि त्या काठीवर तिकोनी शीड. एक मित्र म्हणाला, "काय ही मागासलेली तऱ्हा! परदेशी होड्या बघा, एका माणसाच्या हाताने चालतात." सारे हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. होडीवाले काका मात्र गप्प होते.

मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. त्या बांधणीत शिडाची एक कड उंच डोलकाठीलाच जोडलेली असते. सुकाणू वळवले की शीड आपसूक दुसऱ्या अंगाला जाते. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेल्या, याच पद्धतीच्या 'म्हादेई'तून. कोकणी शिडाने ते कठीणच. वाऱ्याची बाजू बदलायची, तर ती लांब काठी शिडासकट डोलकाठीपलीकडे न्यावी लागते. एकट्याचे ते काम नव्हे.

पण कोकणच्या होडीला पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती कुठे? खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलाच्या पेपरापुरते पाठ करतो. कोळ्यांनी त्यांवर पिढ्यान् पिढ्या संसार केले! पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला की होडी बाहेर, दुपारी खारा वारा आला की घरी. जाता-येता वारा पाठीशी किंवा कुशीला असेल, तर घडोघडी काठी फिरवायचे कारणच काय? शिवाय तिरक्या काठीमुळे आखूड डोलकाठीवरही शीड उंचावरचा वारा धरते, आणि मंद वाऱ्यात तोच उपयोगी पडतो. कुठला वारा, किती माणसे, काम कोणते, हे न विचारता दिलेला निकाल मला मान्य नाही. आता बहुतेक होड्यांना इंजिने बसली, त्याचे कारण वेगळे. शीड वाईट होते म्हणून नव्हे.

परतताना काकांनी माझ्या मित्राच्या हाती शिडाची दोरी दिली. नाशिक येईपर्यंत तो तळवे चोळत होता. मत मात्र त्याने अजून बदललेले नाही.