छोटा गेम, जुना गेम... पण भारी गेम!

होस्टेलमध्ये दोनच प्रकारचे लोक राहतात. एक म्हणजे गेम खेळणारे, आणि दुसरे म्हणजे पावलांचा आवाज आला की पटकन लॅपटॉप मिटून ‘मी नाही खेळत’ म्हणणारे! हा लेख दोघांसाठी आहे, आणि थोडा रेक्टर सरांसाठीसुद्धा.

आजकाल ‘गेम’ म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? शंभर जीबीचं डाउनलोड आणि लॅपटॉपपेक्षा महाग ग्राफिक्स कार्ड. आमच्या जिवतीकडचं गणित सांगतो. दिवसाला २ जीबीचा पॅक. म्हणजे १०० जीबीचा गेम उतरवायला झाले ५० दिवस, तेही व्हॉट्सअ‍ॅप, लेक्चरचे व्हिडिओ वगैरे सगळं बंद ठेवून! आणि डोंगरावरच्या गुड्यांमध्ये रेंजसाठी आधी टेकाड शोधावं लागतं, ते वेगळंच. मग पोरं दोनपैकी एक रस्ता धरतात. एक तर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून क्रॅक केलेली कॉपी आणायची, म्हणजे गेमसोबत व्हायरस फुकट आणि सबमिशनच्या आदल्या रात्री फॉरमॅट मारायची वेळ. नाही तर मोबाइलवर सगळे खेळतात तेच खेळायचं.

त्या मोबाइल गेमचं काय होतं तेही आपण पाहिलंय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद, आणि रात्र-रात्र जागून मिळवलेली रँक एका फटक्यात गेली. २०२१ मध्ये तोच गेम भारतीय नावाने परत आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. म्हणजे गेम तुमचा कधीच नसतो, तुम्ही भाडेकरू! पैसे लावून खेळायच्या अ‍ॅप्सची तर गोष्टच सोडा. त्यांच्यावर बंदी घालायला ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. घरून मेससाठी आलेले पैसे त्यात घालवलेला पोरगा प्रत्येक होस्टेलमध्ये एखादा तरी सापडेल.

म्हणून माझं म्हणणं असं की खेळा, पण छोटं आणि जुनं शोधून खेळा. काही जण म्हणतील, हे गरिबाचं समाधान. अजिबात नाही! इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला तर यात जास्त मिळतं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. सायबर कॅफेच्या काळातल्या दादा लोकांना आठवत असेल. जॉर्डन मेकनर या एका माणसाने तो लिहिला, १९८९ मध्ये. प्रिन्सची धाव आणि उडी इतकी खरी का वाटते? कारण त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक फ्रेम गिरवली. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉपी कित्येक वर्षं हरवलेल्या होत्या. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना त्या घरात सापडल्या आणि सगळा कोड त्याने इंटरनेटवर खुला केला. तो ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्लीत आहे. ६५०२ म्हणजे आपल्या लॅबमधल्या ८०८५ चा जवळजवळ समवयस्क. व्हायवाला ‘जंप इन्स्ट्रक्शनचा उपयोग काय’ असं विचारलं, तर यापेक्षा चांगलं उत्तर कोणाकडे असणार? १९९९ चा ‘रोलरकोस्टर टायकून’ही ख्रिस सॉयरने बहुतांश असेंब्लीतच लिहिला होता.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण होस्टेलमध्ये हा गैरसमज पक्का आहे. जुनं म्हणजे आपोआप फुकट, असं नसतं. आपल्या कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. दुसरी बाजूही खरी आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत २०१० पूर्वीचे ८७ टक्के गेम बाजारात विकत मिळतच नाहीत असं दिसलं. विकणारा नाही आणि वाटायला परवानगी नाही, असा हा तिढा आहे. पण आपल्यासारख्यांनी त्यात अडकायचं कारण नाही, कारण हक्काने फुकट मिळणारेच इतके आहेत की डिग्री संपेल, गेम संपणार नाहीत.

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ २००३ पासून चालू आहे. डाव आळीपाळीने टाकायचा असल्याने एकाच कॉम्प्युटरवर रूम पार्टनरबरोबर खेळता येतो. ‘ओपन टीटीडी’मध्ये रेल्वे, बस, विमान यांचं जाळं उभारायचं. सिग्नल चुकीचा लावला की मागे गाड्यांची रांग! सिव्हिलवाल्यांनी हा खेळलाच पाहिजे. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ १९९४ चा, पण २००३ मध्ये खुद्द मालकांनीच तो मोफत केला. या तिन्हींना ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

आणि छोटे गेम? ‘केव्ह स्टोरी’ जपानच्या दाइसुके अमाया याने एकट्याने, फावल्या वेळात, जवळपास पाच वर्षं खपून केला आणि २००४ मध्ये फुकट देऊन टाकला. आकार अवघा काही एमबी. ‘मशिनेरियम’ चेक प्रजासत्ताकातल्या छोट्या गटाचा, २००९ चा. हा विकत घ्यावा लागतो, पण त्यात संवादच नाहीत, सगळं चित्रांतून. आमच्याकडे घरात गोंडी, कोलामी नाही तर बंजारा बोलणारी आणि मराठी शाळेत शिकणारी पोरं आहेत. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून त्यांना या गेममध्ये कोणी अडवत नाही. सुट्टीत घरी नेण्यासारखी गोष्ट आहे.

हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ केला. भाऊ गोलूला शोधायला निघालेली एक मुलगी, पहाडी चित्रशैलीतली दृश्यं, मधेमधे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी ते थांबले नाहीत. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकनही मिळालं. याला मशीन जरा बरं लागतं, पण पुण्याची मंडळी करू शकतात तर चंद्रपूरची का नाही?

मग शोधायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. आधी आकार बघा. मग बनवणाऱ्याचं नाव बघा आणि आवडलं तर त्याच नावाचा दुसरा गेम शोधा, जसं आपण लेखकाचं दुसरं पुस्तक शोधतो. २०१३ पासून चालू असलेल्या इच डॉट आयओवर ‘मोफत’ ही चाळणी लावा. विकत घ्यायचाच असेल तर जीओजीवरून घ्या. तिथली फाइल एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय चालते, म्हणजे जिवतीलाही चालते. आणि अर्धा तास खेळून मजा नाही आली, तर सरळ डिलीट. जगात गेमची टंचाई नाही!

‘पण अभ्यासाचं काय?’ हा सरांचा प्रश्न योग्यच आहे. केटी लागलेल्या पोराला वेसनॉथ तारणार नाही. पण ज्या गेमला शेवट आहे तो कधी तरी संपतो आणि माणूस झोपतो. जो ‘उद्या लॉगिन केलंस तर बक्षीस’ म्हणतो, तो झोपू देत नाही. दोन्हींना एकाच काठीने हाणू नये, एवढीच विनंती.

आणि एक सूचना. लॅबमधून बाद झालेले दोन-तीन पीसी कॉमन रूमला द्यावेत. त्यात फक्त हक्काने मोफत असलेले गेम टाकावेत, वेळ शनिवार संध्याकाळ. शेजारी एक रजिस्टर ठेवावं. ज्याला चांगला गेम सापडला त्याने नाव, आकार आणि चार ओळी मत लिहायचं. वर्षभरात आपली स्वतःची यादी तयार होईल, आणि नव्या फर्स्ट इयरवाल्याला क्रॅकच्या मागे पळावं लागणार नाही.

पुढच्या मिनी प्रोजेक्टसाठी विषयही सुचवतो: वाघबकरी. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. पाटीवर खडूने आखून खेळायचा खेळ, कोड फार नाही, आणि वाघांच्या जिल्ह्यात प्रेक्षक भरपूर! कोणी करणार असेल तर मी टेस्टिंगला तयार आहे. पेनड्राइव्ह घेऊन रूमवर या. फक्त आधी स्कॅन करून आणा!