गव्हाचे पाणी आणि शहरातला सिनेमा



संभाजीनगरला दरवर्षी अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. दहावा २०२५ च्या जानेवारीत झाला. सई परांजपे यांना पद्मपाणी पुरस्कार मिळाला. गहू तेव्हा फुलोऱ्यात असतो. ते पाणी चुकवू नकाच. पण पाळी उरकली की तरण्या पोराला घेऊन एक दिवस जा.

बिडकीनच्या कित्येक जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या. मोबदला आला, पण त्यावर बापलेक घरात बोलत नाहीत, हे मी ओसरीवर बसून पाहिले आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी स्वतःची शेती विकून ‘ख्वाडा’ काढला. जमीन गेलेल्या, मेंढरांमागे भटकणाऱ्या धनगर कुटुंबाचा. (शेती विकण्याचा सल्ला मी देत नाही!) असे चित्र पाहून परतताना पैठणच्या एस.टी.त बोलणे निघते. नाव मात्र आधी नोंदवा.